परसातलं डाळिंब

कुणाची भांडी आटपली असतील, कुणी शेळ्यांना पाला टाकत असेल, कुणी अजून चुलीपुढं असेल. हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका. आज आम्ही बचत गटाच्या अकरा जणी तुमच्याशी परसातल्या डाळिंबाविषयी बोलणार आहोत. माईकपुढं एकच तोंड असलं तरी बोलणं सगळ्यांचं आहे. चूक सगळ्यांची झाली होती आणि शिकलोही सगळ्याच.

आपला हा दुष्काळी पट्टा. सह्याद्री ओलांडून इकडं येईपर्यंत ढग रिकामे होतात. माण, आटपाडी, सांगोला या भागात वर्षाला सरासरी 500 मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, तोही बराचसा परतीचा. एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर. जमीन मुरमाड. इथं केळ रुसते, पण डाळिंब तगतं. हे झाड मुळात इराण आणि त्याच्या आसपासच्या कोरड्या मुलखातलं. कडक ऊन, कोरडी हवा आणि पाण्याचा निचरा होणारी हलकी जमीन त्याला मानवते. राजस्थानात बारमेर-जालोरच्या वाळवंटी भागातही आता डाळिंबाच्या बागा आहेत. आपण ज्या वाणाला भगवा म्हणतो, त्याला तिकडं सिंदुरी म्हणतात.

आता एक प्रश्न विचारतो. तुमच्यातल्या कितीजणी डाळिंबाच्या बागेत कामाला जातात? छाटणीला, फळं पुसायला, क्रेट भरायला? बऱ्याचजणी. आणि अख्खं, न फुटलेलं, चांगलं लाल डाळिंब घरी बसून कितीजणींनी खाल्लंय? आमच्या गटात हा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्या गप्प बसल्या. एक सून म्हणाली, "ताई, मी शेकडो क्रेट भरले असतील. पण खाल्लं ते फुटकंच." चांगला माल बाजारात जातो, तडकलेलं आणि डागी घरात येतं. डाळिंबाच्या गावात राहून ही गत. तेव्हा ठरलं, प्रत्येकीनं परसात दोन झाडं लावायची. विकायला नाही, घरासाठी.

ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. पण रोपं आणायची कुठून? पैसे घालवायला मन होईना. तेवढ्यात कळलं, भावकीतले एकजण जुनी बाग काढून टाकणार आहेत आणि झाडांवर बांधलेल्या गुट्या फुकट न्या म्हणतायत. आम्हाला आनंद झाला. टोपल्या घेऊन गेलो आणि बावीस रोपं आणली. बाग का काढतायत, हे एकीनंही विचारलं नाही. चूक झाली ती इथंच.

रोपं छान लागली. मोरीच्या पाण्यावर भराभर वाढली. दुसऱ्या पावसाळ्यात आमच्यातल्या एकीला पानांवर बारीक काळपट ठिपके दिसले. ठिपक्याभोवती पिवळी कडा. पान उन्हाकडं धरलं की ठिपका तेल लागलेल्या कागदासारखा दिसायचा. ती बागेत कामाला जाणारी, तिनं लगेच ओळखलं. तेल्या! कृषी सहायकांना पान दाखवलं, त्यांनीही तेच सांगितलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तेल्या हा जिवाणूंमुळं होणारा रोग. तो पानावर, फांदीवर, फळावर येतो. फळावर काळे डाग पडतात आणि डागावरच फळ तडकतं. 2000 नंतरच्या दशकात आपल्या भागातल्या कितीतरी बागा या रोगानं गेल्या. तो पसरतो रोगट रोपांतून, पावसाच्या उडणाऱ्या थेंबांतून आणि एका झाडाची कात्री दुसऱ्याला लावली की त्यातून. आमच्या फुकटच्या रोपांतून तो गावातल्या अकरा परसांत येऊन बसला होता.

आमच्या घरांच्या मागं दोनशे पावलांवर एका दादांची बाग. ते आले. ओरडले नाहीत. ओट्यावर बसले आणि एवढंच म्हणाले, "वहिनी, तुमची दोन झाडं आहेत. माझी आठशे आहेत. सोसायटीचं कर्ज आहे." चहा न घेता उठून गेले.

त्या रात्री गटाची बैठक झाली. उपटून जाळायची, हे सगळ्यांना कळत होतं, पण वळत नव्हतं. आमच्यातल्या आक्कांचं झाड सगळ्यात चांगलं होतं. गुडघे दुखत असताना धुण्याच्या जागेवरून कळशीनं पाणी आणून त्यांनी ते वाढवलं होतं. त्याला पहिली लाल कळी आली होती. आक्का म्हणाल्या, "लेकराला काही झालं तर कुणी टाकून देतं का? मी नाही उपटणार." कुणी काही बोललं नाही. बाकीच्या दहा जणींनी उघडीप बघून आपापली झाडं मुळासकट काढली, गळलेली पानं वेचली आणि परसातच जाळली. ओढ्यात टाकली नाहीत, उकिरड्यावर टाकली नाहीत, कारण तिथून रोग पुन्हा येतो.

चौथ्या दिवशी आक्का आल्या. हातात खताची रिकामी पिशवी, तोंड सुतळीनं घट्ट बांधलेलं. आत त्यांची दोन्ही झाडं. वाटेत पान गळू नये म्हणून त्यांनी पिशवीत भरून आणली होती. म्हणाल्या, "जाळा. त्या पोराची बाग जायला नको." आणि तिथंच बसून राहिल्या, सगळं जळेपर्यंत.

मैत्रिणींनो, परसातली दोन झाडं म्हणजे किरकोळ बाब, असं आम्हाला वाटत होतं. पण रोगाला परस आणि बाग वेगळी नसते. म्हणून डाळिंब लावायचं असेल तर पहिली गोष्ट रोपाची. रोप फुकट मिळतंय म्हणून घेऊ नका. ज्या बागेतून गुटी आली ती बाग आधी डोळ्यांनी बघा. नाहीतर खात्रीच्या, परवाना असलेल्या रोपवाटिकेतूनच घ्या. उतिसंवर्धित रोपं मिळाली तर उत्तम. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तालुक्याच्या कृषी कार्यालयातही चौकशी करता येते. आम्ही दुसऱ्या वेळी गटाच्या बचतीतून रोपं विकत आणली आणि ज्या त्या सदस्येच्या नावावर ती रक्कम कर्ज म्हणून लिहिली. महिन्याला दहा-दहा रुपयांनी फिटली. फुकटापेक्षा हे स्वस्त पडलं.

दुसरी गोष्ट लागवडीची. जुन्या खड्ड्यात आम्ही पुन्हा रोप लावलं नाही, जागा बदलली. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा मे महिन्यात काढून ठेवला, म्हणजे उन्हानं तापतो. त्यात वरची माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि वाळवीसाठी दोन मुठी निंबोळी पेंड. पहिला चांगला पाऊस झाल्यावर रोप लावलं. भिंतीपासून दहा फूट तरी लांब लावा. दिवसभर ऊन मिळालं पाहिजे, कडुनिंबाच्या सावलीत फळ धरत नाही. झाडाला काटे असतात, म्हणून लेकरांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर नको. काळी, पाणी धरून ठेवणारी जमीन असेल तर उंचवटा करून लावा. मुळाशी पाणी साचलं की डाळिंबाला मर लागते.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि आजच्या बोलण्यात हीच सगळ्यात मोठी. टँकरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला झाडाला पाणी घाल म्हणून सांगणं सोपं नाही, हे आम्हाला कळतं. आम्ही नवं पाणी झाडाला दिलंच नाही. वापरलेलं दिलं. अंघोळीचं, भाजी-तांदूळ धुतल्याचं, भांडी विसळल्याचं. मोरीच्या तोंडाशी हातभर खड्डा काढून त्यात खाली मोठे दगड, वर खडी, वर वाळू भरली. पाणी त्यातून गाळून पुढं आळ्यात जातं. वाळू महिन्यातून एकदा काढून धुवायची. धुण्याच्या सोड्याचं, पावडरचं पहिलं फेसाळ पाणी मात्र झाडाला घालू नका. त्यानं जमीन कडक होते आणि पाणी मुरेनासं होतं. शेवटचं खळबळलेलं पाणी चालतं. ज्यांच्या बोअरचं पाणी मचूळ आहे त्यांच्या आळ्यात पांढरा थर दिसेल. डाळिंब थोडा खार सोसतं, पण तो थर दिसला की वरची माती खरवडून काढा. पावसाळ्यात आळं मोकळं ठेवा, पावसाच्या पाण्यानं खार खाली जाईल.

पहिली दोन वर्षं आम्ही मडकं वापरलं. घरात काठ फुटलेलं जुनं मडकं असतंच. रोपापासून हातभर अंतरावर ते गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचं, पाण्यानं भरायचं आणि वर झाकण ठेवायचं. मडकं पाझरतं आणि मुळं त्या ओलीकडं जातात. तीन-चार दिवसांनी पुन्हा भरायचं. वरून ओतलेलं पाणी उन्हानं उडतं, तेवढं हे उडत नाही. झाकण विसरू नका, नाहीतर डास होतात. बुंध्याभोवती बाजरीचा भुसा, शेंगांची टरफलं, उसाचं पाचट असं काहीही चार बोटं जाड पसरा. फक्त बुंध्याला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा.

आता नेमाविषयी. डाळिंबाला पाणी थोडं चालतं, पण अनियमित चालत नाही. आमच्या एका काकूंची ही हकिकत. पहिल्या वर्षी झाडाला चौदा फळं होती, पिकायला आली होती. लेकीच्या बाळंतपणाला काकू तीन आठवडे गेल्या. घरातल्या पुरुषांना झाड दिसलंच नाही. काकू परत आल्या, माती भेगाळलेली बघून जीव कळवळला, आणि एका संध्याकाळी पाच हंडे ओतले. दोन-चार दिवसांत चौदातली नऊ फळं तडकली. कोरडं पडलेलं झाड एकदम पाणी प्यालं की आतले दाणे फुगतात, पण साल तेवढी ताणत नाही. म्हणून खंड पडलाच तर आधी एक तांब्या, दुसऱ्या दिवशी अर्धी कळशी, असं हळूहळू वाढवत न्या. आणि गावाला जाताना शेजारणीला सांगून जा. आता आमच्यात हे वाटून घेतलंय, एकमेकींच्या झाडाला पाणी घालायचं.

चौथी गोष्ट बहराची. डाळिंबाला वर्षात तीनदा फुलं येऊ शकतात. जानेवारी-फेब्रुवारीत आंबे बहर, जून-जुलैत मृग बहर, सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त बहर. तिन्ही बहर घेतले तर झाड दमतं. आम्ही हस्त बहर घेतो. मृगाच्या फळाला पावसात तेल्या आणि अळीचा त्रास जास्त. आंब्याच्या फळाला भर उन्हाळ्यात पाणी लागतं, आणि ते आपल्याकडं तेव्हाच नसतं. हस्ताचं फळ थंडीत वाढतं आणि मार्चच्या सुमारास हाती येतं. मग मे महिन्यात झाडाला फक्त जगण्यापुरतं पाणी दिलं तरी भागतं.

बहरासाठी ताण द्यावा लागतो. आपल्याकडं पावसाळ्यात मधे मोठी उघडीप पडते. त्या वेळी महिनाभर आम्ही मोरीचा पाट आळूच्या वाफ्याकडं वळवतो. डाळिंबाची पानं पिवळी पडतात, गळतात. घाबरू नका, ही त्याची विश्रांती. मग वाळलेल्या आणि आत घुसलेल्या फांद्या काढायच्या, कुजलेलं शेणखत घालायचं आणि पाणी हळूहळू सुरू करायचं. छाटणी पाऊस पडत असताना करू नका. प्रत्येक झाडानंतर कात्री स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा. बुंध्यातून येणारे फुटवे काढत राहा, तीन-चार खोडं ठेवा. पहिली दोन वर्षं फुलं आली तर तोडून टाका. हे जिवावर येतं, पण कोवळ्या झाडानं आधी अंग धरलं पाहिजे.

फुलं गळायला लागली की बायका घाबरतात. आधी फूल नीट बघा. ज्याचा देठाकडचा भाग मडक्यासारखा फुगीर, ते फळ धरणारं. ज्याचा देठाकडं निमुळता, घंटेसारखा आकार, ते नर फूल, ते गळणारच.

फळ लिंबाएवढं झालं की आम्ही जुन्या सुती साडीच्या पिशव्या शिवून एकेका फळाला बांधतो. एक फुलपाखरू फुलावर आणि कोवळ्या फळावर अंडी घालतं, अळी फळ पोखरून आत शिरते. भोकातून घाण बाहेर येते आणि वास सुटतो. असं फळ दिसलं की तोडून खोल पुरा. पिशवीनं अळी, पाखरं आणि खारी यांच्यापासून फळ वाचतं. मार्चचं ऊन चटका देतं, तेव्हा मावळतीच्या बाजूनं झाडावर जुनी पातळ साडी टाका. बागवाले एकरच्या एकर साड्यांनी झाकतात, आपल्याला एक पुरते.

फळ कधी तोडायचं? फूल आल्यापासून साधारण सहा महिन्यांनी. फळाच्या कडा किंचित चपट्या होतात आणि वरचा मुकुट आत वळतो. पिळून ओढू नका, कात्रीनं देठ कापा. खाऊन झाल्यावर साल टाकू नका. वाळवून उकळली आणि तुरटी घातली तर सुती कापडाला पिवळसर रंग चढतो.

आणि एक खरी गोष्ट सांगायला हवी. डाळिंब लाल आहे म्हणून त्यानं रक्त वाढतं, असं आपल्याकडं म्हणतात. डाळिंब चांगलंच आहे, पण त्यात लोह फार थोडं असतं. बाजरीची भाकरी, हिरव्या पालेभाज्या, कडधान्यं हे रोज हवंच. त्यासोबत डाळिंब, लिंबू, आवळा खाल्ला तर अन्नातलं लोह अंगी लागायला मदत होते. पण आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या डाळिंब खाते म्हणून बंद करायच्या नाहीत. गरोदर लेकीसुनांनी तर मुळीच नाही.

यंदा आमच्या अकराही परसांत फळं आली. कुणाला वीस, कुणाला तीस. आक्कांच्या दोन झाडांना मिळून एकेचाळीस. गटानं एक नियम केलाय. झाडाची पहिली पाच फळं घरात खायची, त्यातलं पहिलं घरातल्या बाईनं. पुढची हवी तर बाजारात न्या. नियम वाचून दाखवला तेव्हा सगळ्या हसल्या. पण ती क्रेट भरणारी सून दुसऱ्या दिवशी म्हणाली, "ताई, काल अख्खं फळ एकटीनं खाल्लं. सासूबाई समोर बसल्या होत्या, म्हणाल्या, सगळं संपव."

त्या बागवाल्या दादांच्या घरीही आक्कांनी दोन फळं पाठवली. त्यांची बाग अजून उभी आहे. ते अधूनमधून येतात, आमच्या झाडांची पानं उन्हाकडं धरून बघतात आणि काही न बोलता मान हलवून जातात. आता मात्र चहा घेऊन जातात.

तर मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टी करा. मोरीचं पाणी रोज किती कळशा जातं ते प्रत्येकीनं मोजून सांगा. परसात दिवसभर ऊन असलेली जागा बघून ठेवा. आणि रोपं कुठून आणायची याची चौकशी दोघींवर सोपवा. खड्डे मे महिन्यात, रोप पावसाबरोबर. ज्यांच्या परसात आधीपासून झाड आहे त्यांनी आज दुपारी एक पान तोडून उन्हाकडं धरा. स्वच्छ असेल तर समाधान माना. ठिपका दिसला तर लपवू नका, कृषी सहायकांना दाखवा आणि शेजारच्या बागवाल्यालाही सांगा.

चला, आक्का पाण्याला निघाल्या असतील. आम्हीही निघतो. नमस्कार.